कमळच्या वजनाचे पाटे

५ नोव्हेंबर २००६, रविवार

आज पहिल्यांदा गाडी भरून रस्त्यावर काढली आणि आजच तिने माझं नाक कापलं. कामतघरच्या वर्कशॉपमधून निघालो, मागे सुताची पोती, पुढे मी एकटा. पहिल्याच स्पीडब्रेकरवर मागून धाडकन आवाज. मागच्या चाकांची हाऊसिंग, म्हणजे दोन चाकांमधला तो आडवा लोखंडी नळा, थेट सांगाड्यावर आपटली. टपरीवर चहा पिणारे पॉवरलूमवाले वळून बघायला लागले. एकाने विचारलंच, "केसरीशेठ, गाड़ी है कि धोबीघाट?" हसा लेको, हसा.

गाडी माझी आहे, म्हणजे अगदी माझी. सांगाडा मी वेल्ड केला, पत्रा मी ठोकला. इंजिन आणि हाऊसिंग एका म्हाताऱ्या फियाटची, कागदही तिचेच. लूमचे पार्ट टर्न करून लेथ मोकळा झाला की दुपारचा मी हाच उद्योग करायचो. कमळ म्हणायची, "तुमची दुसरी बायको रस्त्यावर कवा उतरतेय?" तेव्हा सगळी गंमत होती.

आता गंमत नाही. कमळच्या मणक्याला टीबी निघाला, दसऱ्यानंतर ठाण्याला ऑपरेशन झालं, सळई घातली, स्क्रू घातले. डॉक्टर तोंडावर म्हणाले, हाड अजून कच्चं आहे, घरी नेताना झटका बसता कामा नये. स्क्रू हलला तर पाय जातील. परत उभी राहणार नाही. त्यांना काय, सांगून मोकळे. ठाण्याहून आमच्या दिघाशीपर्यंतचा रस्ता त्यांनी कुठे बघितलाय?

ॲम्बुलन्सचं नाव काढायची सोय नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या थोरल्याला, प्रितेशला, साप चावला. ॲम्बुलन्स मानकोली नाक्यावर ट्रकांच्या रांगेत अडकली आणि पोर कमळच्या मांडीवरच गेलं. तेव्हापासून तो भोंगा लांबून जरी वाजला तरी ती कानांवर पदर दाबते. ऑपरेशनला गेली तीसुद्धा रिक्षात कण्हत गेली, पण त्या गाडीत पाय ठेवला नाही.

म्हणून मी गाडीची मागची सीट काढून टाकली. लांब फळी बसवली, वर जाड गादी. कमळ आडवी होऊन येईल, शेजारी माझी बहीण आक्का बसेल, मी चालवेन. सगळं ठरलंय. फक्त मागचे पाटे तेवढे धड हवेत.

९ नोव्हेंबर

बायपासच्या कडेला नईम उस्तादकडे गेलो. आयुष्य त्याचं पाट्यांत गेलंय. पोलादाच्या कमानदार पट्ट्या एकावर एक रचायच्या, मधे बोल्टने आवळायच्या, की झाला गाडीचा पाटा. पट्ट्या जास्त तर गाडी कडक, कमी तर नरम. सांगायला सोपं आहे, पण कुठे थांबायचं त्यातच सगळा डोक्याला ताप.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. फियाटचेच पाटे नवे घ्यायचे, ते नरम, पण भरल्यावर परत आपटले तर? नाहीतर जीपचे घ्यायचे, दणकट. उस्तादने पान थुंकलं आणि म्हणाला, "जीप का डालो शेठ, ऊपर से एक पट्टी और बढ़ा देता हूँ. भिवंडी में कोई गाड़ी ख़ाली चलती है क्या?"

बरोबर आहे त्याचं. आमच्याकडे टेम्पो घेतला की आधी पाटा वाढवतात, मग नारळ फोडतात. मीही आजवर दहाजणांना हाच सल्ला दिलाय. जीपचे सांगून आलो, एक पट्टी वाढवून.

१४ नोव्हेंबर

मितेशशी वाजलं. मितेश म्हणजे आमचा धाकटा, आता तोच एक. मानकोलीला गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे, ड्युटी सुटली की तिकडूनच ठाण्याला आईकडे जातो. सकाळी कपडे बदलायला घरी आला तेव्हा मी म्हटलं, पाटे बसवायचे तर वजन नक्की लागतं, आईचं वजन विचारून ये. तो म्हणाला, "विचारायचं काय? कालच केलं. अडतीस."

मी म्हटलं, अडतीस काय? तो म्हणाला, "किलो, बाबा."

मला हसूच आलं. अरे, मागच्याच्या मागच्या पाडव्याला मानकोलीच्या गोडाऊनमध्ये मालाच्या काट्यावर आम्ही सगळे मजेने चढलो होतो. कमळ चौसष्ट भरली. "उतरवा मला, काटा फुटंल," म्हणून केवढी लाजली होती. भरलेले दोन हंडे डोक्यावर आणि तिसरा कडेवर घेऊन विहिरीवरून येणारी बाई ती. अडतीस काय? हॉस्पिटलचे काटे सगळे बिघडलेले असतात, कोण बघतोय तिकडे.

मितेश मला म्हणतो, "बाबा, तू वॉर्डात येऊन एकदा बघ ना तिला. काटा बिघडलाय का ते कळेल." बोलायची पद्धत बघा. मी काय इथे झोपा काढतोय? तिच्यासाठीच मरतोय ना? मला त्या वॉर्डातला वास सोसत नाही, ऑपरेशनच्या दिवशी गेलो होतो तर चक्कर येऊन खाली बसलो. तिथे बसून मी करणार काय? सलाईनचे थेंब मोजणार? इथे निदान हाताला काम आहे.

वजन चौसष्टच धरलंय. आजारपणात थोडी उतरली असेल, पण घरी येईल, खाईल, परत भरेल. पाटे काय दर महिन्याला बदलायचे असतात?

१९ नोव्हेंबर, रविवार

जमलं! जीपचे पाटे बसले. फळीवर कमळच्या वजनाचं सूत ठेवलं, आक्काच्या वजनाचं ठेवलं, आणि आपल्या सवयीने वर अजून एक पोतं टाकलं, असू दे म्हणून. कामतघरातून निघून नदीनाक्यापर्यंत गेलो आणि आलो. आवाज नाही, आदळणं नाही. वाटेतला तो मोठा खड्डा, ज्याच्यात रिक्षा बुडतात, त्यातूनही गाडी डुलत बाहेर आली. टपरीवाल्यांना मुद्दाम हॉर्न मारला. आता बोला म्हटलं!

संध्याकाळी मितेशचा फोन. कमळने निरोप दिलाय, "गाडी न्हाई झाली तरी चालंल, तुमी या." बघा, या बाईचं हे असं आहे. तिकडे पाठीत लोखंड घालून पडलीय आणि इकडे माझी दगदग नको म्हणून जीव तुटतोय तिचा. आता तर गाडी एक नंबर करूनच नेणार. मितेशला सांगितलं, आईला म्हणावं रंग तिच्या आवडीचा देतोय, मोरपिशी.

त्याने फोन ठेवून दिला. कंपनीचा माणूस झालाय तो.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

शुक्रवार, लूम बंद, कामतघर एवढं शांत असतं की माणसाला आपलंच डोकं ऐकू येतं. गाडीला मोरपिशी हात दिला. आक्का दिघाशीहून डबा घेऊन आली होती. ती माझ्याहून मोठी, नवरा वारल्यापासून आमच्याकडेच असते. तिला म्हटलं, चल, तुला मागे झोपवून एक चक्कर मारतो, कमळच्या जागी. तर म्हणते, "मी न्हाय झोपायची. मेल्यावानी आडवी नेतोस, लोक काय म्हणतील? तुझी ती पोती हायेत ना."

मी म्हटलं, पोती तर मजेत आली गं, एक तक्रार नाही.

तर म्हणाली, "पोत्याला मणका नसतो, केसरी."

आक्काला काय, तोंड दिलंय देवाने. तिला गाडीतलं काही कळत नाही. पण ती गेल्यावर मी उगाच मागच्या फळीवर हात दाबून दाबून बघत बसलो. रिकाम्या गाडीची फळी बोटभरसुद्धा खाली जात नव्हती. रिकामी आहे म्हणून, दुसरं काय.

२७ नोव्हेंबर

आज हॉस्पिटलला जाऊन आलो. म्हणजे गेलो होतो. खाली गाडी लावली, सफरचंदं घेतली, जिन्यापर्यंत गेलो. मग आठवलं, मागच्या दाराची कडी नीट लागत नव्हती, ती बघायला परत गाडीशी आलो. कडी दुरुस्त होईपर्यंत भेटायची वेळ संपली. सफरचंदं वॉचमनकडे दिली, मितेश आला की दे म्हटलं.

जाताना गाडी फार उडाली. कॅसलमिलजवळ तर डोकं टपाला लागलं. तेच, रिकामी आहे. कमळ बसली की बसेल खाली.

शनिवारी सोडणार आहेत तिला.

२ डिसेंबर, शनिवार

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी गाडीला हार घातला. आक्का मागे बसली होती, वाटेत सारखी "आई गं, आई गं" करत होती, मी लक्ष दिलं नाही. वॉर्डात शिरलो. मितेश एका खाटेशी उभा होता आणि त्या खाटेवर एक बाई होती. मी पुढच्या खाटेकडे निघालो. मितेश म्हणाला, "बाबा, इथे."

कमळ होती. डोळे तेच, बाकी काय सांगू. गाल आत गेलेले, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकलेल्या. माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "आलात व्हय?" मी म्हटलं, गाडी मोरपिशी केलीय. "ऐकलंय," म्हणाली.

खाटेवरून ट्रॉलीवर घ्यायचं होतं. नर्स म्हणाली, चादर चौघांनी धरायची, मी तीन म्हटलं की सगळ्यांनी सारखी उचलायची, वाकवायचं नाही. मी कमरेपाशी उभा राहिलो, म्हटलं तिथे भार जास्त, तिथे मीच पाहिजे. पाय रोवले, दात आवळले आणि तीन म्हटल्यावर आपली कमळ उचलतात तशी उचलली.

माझ्या बाजूची चादर वर उडाली. तिच्यात वजनच नव्हतं. माझ्या हातांना जो भार माहीत होता तो तिथे नव्हताच. एवढा जोर लावला होता मी, तो सगळा तिच्या अंगात गेला. कमरेतून वर फेकली गेली ती. किंचाळली. नर्स ओरडली, "काय करताय काका!" मितेशने दुसऱ्या हाताने तिच्या पाठीखाली आधार दिला नसता तर...

डॉक्टर धावत आले. पायाचा अंगठा हलवा म्हणाले. कमळने डोळे मिटले होते. अंगठा हलेना. मी त्या अंगठ्याकडे बघत होतो, आणि आयुष्यात कशाकडे असं बघितलं नसेल. मग हलला. आधी उजवा, मग डावा. मी तिथेच जमिनीवर बसलो.

बसल्या जागी सगळं डोक्यात आलं. मी जे तिच्याशी केलं, तेच माझे पाटे करणार होते. चौसष्ट किलोच्या कमळसाठी आवळलेले पाटे, वर भिवंडीची एक पट्टी जास्त. त्यावर ही अडतीस किलोची बाई ठेवायची आणि खड्ड्यातून न्यायची. प्रत्येक खड्ड्याला तिला असंच वर फेकलं असतं. कॅसलमिल, मानकोली, पुढे वाडा रोड. घरी पोचेपर्यंत काय उरलं असतं?

मी म्हटलं, आज नाही न्यायचं. मितेश भडकला. "झालं? आता ॲम्बुलन्स मागवतो मी, बस झालं तुझं." डॉक्टर म्हणाले, तसंही आता आठवडाभर हलवू नका, पुढच्या शनिवारी बघू. कमळने फक्त मितेशचा हात धरला आणि मान हलवली, त्यात नको. मग माझ्याकडे बघितलं.

मी काटा मागितला. नर्सने कागद दाखवला. अडतीस. काटा बिघडलेला नाही.

३ डिसेंबर, रविवार

सकाळीच पाटे उतरवले. आक्काला म्हटलं, आज तुला झोपावंच लागेल. कालचं बघितल्यावर ती पदर खोचून फळीवर आडवी झाली. तिचं वजन जवळजवळ कमळएवढंच भरतं. शेजारी अजून तेवढंच सूत ठेवलं, म्हणजे सोबत बसणारी आक्का. उशाशी काठोकाठ पाण्याचा तांब्या.

पहिल्या चकरेला नऊही पट्ट्या ठेवल्या. तांब्या उडून आक्काच्या अंगावर आला आणि आक्का फळीवरून खाली. मला अशा शिव्या दिल्या की मागून येणारा रिक्षावाला हसायला लागला. मला हसू येईना. काल या फळीवर कमळ असती.

उस्ताद दुकान बंद ठेवून आला. एक पट्टी काढली, चक्कर मारली. दुसरी काढली, परत चक्कर. प्रत्येक वेळी मी आक्काला विचारायचो, कंबरेत लागलं का? ती म्हणायची, "लागलं. अजून काढ." उस्तादला मी म्हटलं, तूच म्हणाला होतास ना, भिवंडीत कोणी रिकामं जात नाही. तो बिचारा कान धरून म्हणाला, "शेठ, हमने तो ज़िंदगी भर सूत के बीम और कपड़े के ताके ढोए. औरत कभी नहीं ढोई." मीही तेच करत आलो.

पोलादाची पट्टी हातात घेतली की जड असते. प्रत्येक पट्टी काढून भिंतीशी उभी करताना मला वाटत होतं, ही एवढी कमळ कमी झाली. मग दुसरी उभी केली, अजून एवढी. चार पट्ट्या भिंतीशी लागल्या तेव्हा मी शटरमागे जाऊन रडलो. कोणी बघितलं नाही, आक्काने बघितलं असेल. अडतीस हा आकडा मितेशने मला कधीच सांगितला होता आणि मी हसलो होतो.

दुपारनंतर तांब्यातलं पाणी हिंदकळलं फक्त, सांडलं नाही. हाऊसिंग आपटू नये म्हणून लूमचे जुने चामडी पिकर, ते धोट्याला टोला मारतात ना, ते कापून सांगाड्याखाली बसवले. आक्का म्हणाली, "आता डोळा लागंल इतकं बरं हाय."

६ डिसेंबर

गाडी झाली म्हणून सांगायला वॉर्डात गेलो. वास होताच. बसलो तरीही, स्टूल ओढून, तिच्या उशाशी. सफरचंद कापून दिलं. तिने विचारलं, मागच्या आठवड्यात सफरचंदं वॉचमनकडे का ठेवली? मी म्हटलं, कडी बिघडली होती. ती "हं" म्हणाली.

मग मी तिला सगळं समजावलं. पट्ट्या किती काढल्या, तांब्या कसा ठेवला, तू कशी झोपशील, आक्का कुठे बसेल. ती छताकडे बघत ऐकत होती. मग म्हणाली, "आक्का कशाला? तुमी बसा माझ्याजवळ. मितेश चालवंल."

मी म्हटलं, अगं, तसं नाही होत. ते पाटे तुझ्या आणि आक्काच्या वजनावर बसवलेत. मी आक्काच्या दुप्पट आहे. मी मागे बसलो तर पाटा तळाला जाईल, परत धाडकन आपटेल. शिवाय मितेशला माझ्या गाडीचा हात नाही, क्लच वेगळा आहे तिचा. मी पुढेच बरा.

तिने मान वळवता येत नाही म्हणून डोळे फक्त वळवले. "माझं वजन मोजलंत," म्हणाली, "आक्काचं मोजलंत. तुमचं मोजायचं ऱ्हायलंच की."

मी म्हटलं, मोजायचं काय त्यात, मी चालवणार होतो ना.

"प्रितेशच्या टायमाला बी तुमी फुडंच व्हता. डायवरच्या बाजूला. मी सारखी मागनं हाका मारत व्हती, आन तुमी त्याला सांगत व्हता, हिकडनं काढ, तिकडनं काढ." मग म्हणाली, "मागं कुनी न्हवतं माझ्यासंगं."

चार वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती. सफरचंदाची फोड हातातच राहिली. भेटायची वेळ संपली तरी मी उठलो नाही, शेवटी नर्सने उठवलं.

७ डिसेंबर

सकाळी मानकोलीला मितेशच्या गोडाऊनमध्ये गेलो आणि काट्यावर चढलो. ब्याऐंशी. मितेश बघत होता, म्हणाला, "तुझं कशाला?" मी म्हटलं, मागे बसायचंय. तू चालवायचीस. क्लच कडक आहे, संध्याकाळी कामतघरला ये, हात बसवून घे.

त्याने काट्यावरचा आकडा परत एकदा बघितला. मग म्हणाला, "बाबा, मी लवकर सुटतो आज."

उस्तादकडे गेलो, म्हटलं भिंतीशी उभ्या चारातली एक पट्टी परत टाकायची. तो वैतागला, "अब किसका वज़न बढ़ा?" मी म्हटलं, मेरा.

पट्टी घातली. मी स्वतः फळीवर आडवा झालो, शेजारी आक्का, आणि मितेशने चालवली. गियर टाकताना खरखर केली, मी ओरडणार होतो, गिळलं. छत किती जवळ येतं झोपल्यावर! रस्ता दिसत नाही, पुढे काय येतंय ते कळत नाही, नुसता चालवणाऱ्यावर भरवसा. कमळ अशी पडून येणार आहे. तिला बाहेरचं काय दिसेल, तर फक्त शेजारी बसलेला माणूस.

९ डिसेंबर, शनिवार

आणलं. घरी आहे. झोपलीय.

नीट लिहून ठेवतो. या वेळी चादरीला हात लावला नाही, नर्सना उचलू दिलं. मी मागे तिच्या पायाशी बसलो, एक हात तिच्या गुडघ्यावर, एक अंगठ्याला धरून. ठरवलं होतं, प्रत्येक खड्ड्यानंतर म्हणायचं "हलव", आणि तिने हलवायचा. मितेश बैलगाडीच्या चालीने चालवत होता, मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. मी मागच्या काचेतून सगळ्यांना हात जोडत होतो. पाटा दबत होता, उठत होता, दबत होता. कॅसलमिल गेलं. "हलव." हलला. खाडीपूल गेला. "हलव." हलला. कमळ म्हणाली, "किती वेळा हलवू, अंगठा दुखला माझा." पण तिच्या कपाळावर घाम होता आणि माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

मानकोली नाक्यावर ट्रकांची रांग. तोच नाका. गाडी थांबली. कमळने डोळे मिटून घेतले. कुठे आलो ते तिला दिसत नव्हतं, पण कळलं होतं.

आणि मागून भोंगा आला.

मी मागे बघितलं. ॲम्बुलन्स, लाल दिवा फिरतोय, आणि आमची गाडी तिच्या वाटेत. पुढे ट्रक. बाजूला डांबर संपून उतार होता, मुरूम आणि खड्डे. माझ्या मनात आलं ते सांगतो, मनात आलं, मी नाही हलणार. माझ्या गाडीत माझी बायको आहे, तिच्या पाठीत कच्चं हाड आहे, जाऊ दे त्याला कुठून जायचं ते. मितेश आरशातून माझ्याकडे बघत होता.

कमळचे हात कानांवर गेले होते. मग तिने ते काढले. "मितेश," म्हणाली, "बाजूला घे. जाऊ दे त्याला."

मी म्हटलं, कमळ, खाली खड्डा आहे.

"आसंल. तुमी धरा मला."

मी फळीवर वाकलो, दोन्ही हातांनी तिची कंबर आणि खांदा धरला, माझं सगळं वजन उताराकडच्या चाकावर टाकलं. मितेशने गाडी डांबरावरून उतरवली. मागचं चाक गेलं. खाली गेलं, अजून खाली, मी वाट बघत होतो धाडकन आवाजाची. तो आला नाही. पाटा पूर्ण दबला, पिकरला नुसता टेकला आणि हळूच परत वर आला. ॲम्बुलन्स आमच्याजवळून गेली. आतमध्ये एक बाई कोणाचा तरी हात धरून बसलेली दिसली, एवढंच.

मी अंगठा धरला. कमळनेच हलवला, न सांगता, दोन्ही.

मग ती रडली. मीही. मितेशने गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मागच्या ट्रकवाल्याने विचारलं, क्या हुआ भाई, बंद पड़ गई? मितेशने डोकं वर करून किल्ली फिरवली. मग रांग हलली, आम्ही निघालो.

दिघाशीला पोचलो तर आक्का दारात भाकरतुकडा घेऊन उभी. कमळवरून ओवाळून टाकला, मग गाडीवरूनही टाकला. म्हणाली, "ही बी लेकुरवाळी हाय."

दुपारी मितेश हात पुसत आला. दर पंधरा दिवसांनी आईला तपासायला ठाण्याला न्यायचं आहे. तो म्हणाला, "बाबा, तुझं वर्कशॉप किती दिवस बंद ठेवणार? मी चालवेन, आक्का बसेल मागे. तुझी ती पट्टी काढून टाकू का? आक्कापुरती कडक होईल."

मी म्हटलं, हात लावू नको तिला. मीच बसणार आहे.